आधी वाटाड्या उतरतो

जहाज किनाऱ्यापासून थोडं दूर उभं असतं. रबरी होड्या पाण्यात सोडलेल्या असतात. प्रवाशांनी लाइफ जॅकेटं चढवलेली असतात, गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेले असतात, कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या थंडीनं उतरू नयेत म्हणून आतल्या खिशात ठेवलेल्या असतात. तरीही कुणी जागचं हलत नाही. जहाजाच्या ब्रिजवरून दोघं-तिघं बराच वेळ दुर्बिणीनं किनारा न्याहाळत असतात. मग एकच होडी सुटते. तीत प्रवासी नसतात. ती किनाऱ्याच्या कडेकडेनं जाते, टेकाडाची मागची बाजू दिसेल अशा बेतानं वळते, एखाद्या मोठ्या खडकाआड डोकावते. त्यानंतर खांद्याला रायफल अडकवलेले वाटाडे किनाऱ्यावर पाय ठेवतात, जवळच्या सर्वांत उंच जागी चढतात आणि पुन्हा चारी दिशा पाहतात. सगळं नीट असेल तर वॉकीटॉकीवर निरोप येतो आणि प्रवासी होडीत बसू लागतात.

कधी तो निरोप वेगळा असतो. दूरच्या उतारावर मळकट पिवळसर दिसणारा दगड उठून चालू लागलेला असतो. मग होडी परत फिरते, नांगर उचलला जातो आणि लाखो रुपये खर्चून आलेली माणसं न उतरताच पुढे निघतात. उत्तर ध्रुवाच्या परिसरातली कुठलीही मोहीम समजून घ्यायची असेल तर या ‘नाही’पासून सुरुवात करावी लागते.

हे दृश्य स्वालबार्डचं. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मधोमध असलेला हा द्वीपसमूह सुमारे ६१,००० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातली निम्म्याहून अधिक जमीन हिमनद्यांखाली आहे. वस्ती तीन हजारांच्या आत, आणि तीही बहुतेक सगळी लाँगइयरब्येन या एका गावात. गावातल्या आणि आसपासच्या रस्त्यांची लांबी सगळी मिळून चाळीसेक किलोमीटर भरते. एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीला जाणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात स्नोमोबाइल, कुत्र्यांची स्लेज किंवा स्की. एप्रिलच्या विशीत उगवलेला सूर्य ऑगस्टच्या विशीपर्यंत मावळत नाही, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला सूर्य थेट फेब्रुवारीत क्षितिजावर येतो. डोंगरांच्या कुशीतल्या गावात त्याचे किरण पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या उरलेल्या पायऱ्यांपाशी जमतं आणि सूर्याची वाट पाहतं.

या गावाबाहेर पाऊल टाकताना सोबत अस्वलांपासून बचावाचं साधन हवंच. वेशीवर पांढऱ्या अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी आहे आणि तिच्याखाली नॉर्वेजियन भाषेत लिहिलंय की हा इशारा सगळ्या स्वालबार्डला लागू आहे. पर्यटक त्या पाटीजवळ उभे राहून फोटो काढतात. वाटाड्यासाठी मात्र कामाची सुरुवात तिथेच होते.

त्याच्या खांद्यावरची रायफल अनेकदा जुनी असते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं नॉर्वेत मागे सोडलेल्या माउझर रायफली नवीन गोळीला जुळवून घेऊन पुढे कित्येक दशकं इथे वापरल्या गेल्या. यंत्रणा साधी असल्यानं थंडीत त्या दगा देत नाहीत. गोळ्या मॅगझिनमध्ये असतात, पण नळीत गोळी चढवलेली नसते. चालताना घसरून पडलं तरी बार उडू नये म्हणून. आणि रायफलीच्या आधी हाताला येते ती सिग्नल पिस्तूल. अस्वल आणि माणूस यांच्यामध्ये मोठा आवाज आणि लखलखाट करून त्याला पळवून लावायचं, हा पहिला उपाय. कारण १९७३ पासून इथे पांढऱ्या अस्वलाला संपूर्ण संरक्षण आहे. जिवावर बेतल्याखेरीज गोळी झाडता येत नाही, आणि झाडली तर गव्हर्नरच्या कार्यालयाकडून प्रत्येक घटनेची चौकशी होते. चांगल्या वाटाड्याच्या उभ्या कारकिर्दीत रायफल चालवण्याची वेळ येत नाही. ती येऊ नये यासाठीच त्याचं सगळं कौशल्य खर्ची पडतं.

खुद्द स्वालबार्डच्या बेटांवर अस्वलं साधारण तीनशे असावीत. बाकीची पूर्वेच्या बर्फावर फिरतात. हा आकडा ऐकून प्रवाशांना हायसं वाटतं. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तीनशे म्हणजे गाठ पडणं कठीणच! पण अस्वल सीलच्या मागे असतं आणि सील जिथे असतात त्याच खाड्या, त्याच हिमनद्यांची तोंडं माणसांनाही सुंदर वाटतात.

ऑगस्ट २०११ मध्ये लाँगइयरब्येनपासून चाळीसेक किलोमीटरवर एका हिमनदीजवळ ब्रिटनहून आलेल्या तरुण मुलांच्या मोहिमेचा तळ पडला होता. तंबूंभोवती सापळ्याची तार ताणलेली होती. अस्वलाचा पाय लागला की स्फोट व्हायचा आणि सगळे जागे व्हायचे, अशी ती योजना. सकाळी अस्वल आलं तेव्हा तारेनं आवाज केलाच नाही. रात्रीचा पहारा ठेवलेला नव्हता. रायफलीचे पहिले प्रयत्न फुकट गेले. अखेर जखमी झालेल्या एका प्रमुखानं अस्वलाला मारलं, तोवर १७ वर्षांचा एक मुलगा गेला होता आणि चौघं जखमी झाले होते. ही घटना स्वालबार्डचे वाटाडे अजून विसरलेले नाहीत. तारेची रोज तपासणी हवी, यंत्र असलं तरी जागं माणूस हवं, बंदूक हातात असलेल्याला ती झोपेतून उठूनही चालवता आली पाहिजे, या तिन्ही गोष्टी त्या एका सकाळनं शिकवल्या.

म्हणूनच स्कीवरून आठ-दहा दिवसांच्या फेरीला निघालेल्या गटात रात्रीचा पहारा हा सगळ्यांचाच वाटा असतो. एप्रिलमधली रात्र. सूर्य क्षितिजाजवळ लोळत असतो, पारा शून्याखाली पंधरा-वीस. तंबूतल्या उबेतून एकेकाला बाहेर काढलं जातं. तास-दोन तास त्यानं तळाभोवती चालत राहायचं, थांबायचं, पाहायचं, पुन्हा चालायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा येईल. पण अशा मोहिमांवरून आलेल्यांच्या बोलण्यात पुष्कळदा याच दोन तासांचा उल्लेख असतो. सगळे झोपलेले, वारा पडलेला, हिमनदी आतून कुरकुरते आहे आणि एवढ्या मोठ्या पांढऱ्या पसाऱ्यात जागा असलेला माणूस तो एकटाच.

दुसरा धोका पायाखाली असतो. हिमनदी वरून सपाट दिसते, पण तिच्या पोटात भेगा असतात, दहा-वीस मीटर खोलीच्या, काही त्याहूनही खोल. हिवाळ्यातल्या वाऱ्यानं त्यांच्यावर बर्फाचे पूल बांधलेले असतात. वरून काहीच कळत नाही. वाटाडा लांब सळई खुपसत पुढे जातो. सळई सहज खाली गेली तर तिथे पोकळी आहे. मागची माणसं एका दोरात बांधलेली असतात, ठरलेलं अंतर राखून, दोर ना ढिला ना ताठ. एखादा खाली गेलाच तर बाकीच्यांनी स्वतःला बर्फात रोवून धरायचं आणि त्याला वर काढायचं. याचा सराव निघण्यापूर्वीच करून घेतला जातो. प्रत्येकाच्या कमरेला बांधलेल्या पल्कमध्ये, म्हणजे ओढायच्या लहान होडीसारख्या स्लेजमध्ये, तंबू, स्टोव्ह, इंधन आणि दिवसांच्या हिशोबानं मोजलेलं अन्न असतं. पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचं असतं, म्हणून इंधन संपणं म्हणजे पाणी संपणं.

‘वाटाड्या’ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. सह्याद्रीत आडवाटेच्या किल्ल्यावर जाताना पायथ्याच्या वाडीतला कुणीतरी सोबत घ्यावा लागतो, नाहीतर कारवीच्या रानात अर्धा दिवस भटकावं लागतं. या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप मात्र आपल्याकडे रुळलेलं नाही. स्वालबार्डमध्ये ते हवं होतं, कारण तिथे तरुण स्त्रियाही मोठ्या संख्येनं हे काम करतात. दुसरा फरक असा की स्वालबार्डला मूळचे रहिवासी कधीच नव्हते. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स १५९६ मध्ये इथे पोचला, मागून देवमाशांचे शिकारी आले, मग फरसाठी हिवाळा काढणारे शिकारी, मग कोळसा खणणारे. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान कुणाच्या घरात नाही. ते शिकावं लागतं. लाँगइयरब्येनमध्ये नॉर्वेच्या आर्क्टिक विद्यापीठाचा यासाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यात हिमनदीवरचा बचाव, हिमस्खलनाचा अंदाज, होडी आणि शस्त्र हाताळणं आणि थकलेल्या, घाबरलेल्या किंवा हट्टाला पेटलेल्या माणसांना सांभाळणं, हे सगळं येतं. शेवटचा भाग बहुधा सगळ्यांत अवघड असावा.

पर्यटनही इथे जुनंच आहे. १८९६ मध्ये एका नॉर्वेजियन जहाज कंपनीनं इथल्या खाडीकाठी पर्यटकांसाठी लाकडी हॉटेल बांधलं होतं. ते फार टिकलं नाही, पण त्या भूशिराला ‘हॉटेलनेसेट’, म्हणजे हॉटेलचं टोक, हे नाव चिकटलं. आजचा विमानतळ त्याच टोकावर आहे.

स्वालबार्डशी भारताचं नातंही शंभर वर्षांहून जुनं आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारानं या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि करारातल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना इथे समान वागणूक मिळेल असं ठरलं. ब्रिटिश साम्राज्याच्या वतीनं झालेल्या सह्यांत भारताचंही नाव होतं. आजही स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला की झालं. मात्र तिथे जाणारी विमानं नॉर्वेहून सुटतात, म्हणून भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतोच, आणि तोही दोनदा प्रवेश देणारा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर असल्यानं परत येताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन गेलेल्याची परतीच्या वाटेवर पंचाईत होते.

लाँगइयरब्येनच्या वायव्येला नी-ओलसुन नावाची संशोधकांची वस्ती आहे. तिथे जुलै २००८ मध्ये भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र सुरू झालं. त्याचा कारभार पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन संस्था गोव्यात, वास्कोजवळच्या हेडलँड सडा इथे आहे. समुद्राकाठच्या त्या दमट टेकडीवरून माणसं जवळजवळ ७९ अंश उत्तरेला जातात आणि हिमनद्या, हवेतले कण, खाडीचं पाणी मोजतात. २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्डन या खाडीत पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही निरीक्षण यंत्रणा सोडली गेली आणि डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम निघाली. ध्रुवावरच्या बर्फाचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध आहे, हा त्यांच्या अभ्यासातला एक मोठा प्रश्न. पण वस्तीच्या बाहेर काम करायचं तर या शास्त्रज्ञांनाही आधी रायफल चालवायला शिकावं लागतं. वस्तीत मोबाइल आणि वायफायही बंद ठेवायचे, कारण जवळच्या अँटेना अंतराळातून येणारे अतिशय क्षीण संदेश टिपत असतात. आजच्या जगात अशी शांत वस्ती शोधून सापडायची नाही.

वाटाड्याशिवाय काय होतं याची एक जुनी खूण याच बेटांच्या वायव्य टोकाला आहे. ११ जुलै १८९७ रोजी तिथून सालोमन ऑगस्ट आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे उडाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर टेकला. तिघं शिकलेले, धाडसी, स्वीडनचे लाडके. पण बर्फावर चालण्याचा अनुभव तिघांपैकी कुणाच्याच गाठीशी नव्हता. जड स्लेज ओढत ते पूर्वेकडे चालत राहिले आणि त्यांच्या पायाखालचा बर्फ त्यांना उलट दिशेला नेत राहिला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते क्वितोया या ओसाड बेटावर पोचले आणि तिथेच संपले. १९३० मध्ये त्यांचे अवशेष सापडले, रोजनिशी सापडली, आणि ३३ वर्षं बर्फात पडलेल्या फिल्ममधून फोटोही निघाले. पडलेल्या फुग्याकडे पाहत उभ्या असलेल्या दोघांचा तो फोटो ज्यानं पाहिला त्याला तो विसरता येत नाही. त्यांच्या उड्डाणाच्या जागी आज गव्हर्नरच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही.

याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवायला हवी, कारण ती फारशी सांगितली जात नाही. १५ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री, ग्रीनलँड आणि कॅनडा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत, ‘पोलॅरिस’ या अमेरिकी जहाजातले १९ लोक फुटलेल्या बर्फाच्या तुकड्यावर अडकले आणि जहाज वादळात दिसेनासं झालं. या १९ पैकी ९ इनुइट होते: एबियरबिंग, त्याची बायको तुकुलितो आणि त्यांची लहान मुलगी, हान्स हेंड्रिक, त्याची बायको मेर्कुत आणि त्यांची चार मुलं. धाकटं तर दोनच महिन्यांपूर्वी त्याच जहाजावर जन्मलेलं. बर्फाचा तो तुकडा दक्षिणेकडे वाहत गेला आणि वाहता वाहता लहान होत गेला. दोन्ही इनुइट पुरुषांनी राहायला बर्फाची घरं बांधली. अंधारात, वादळात, सीलच्या श्वास घेण्याच्या भोकापाशी ते तासन्‌तास उभे राहिले. मिळेल ते मांस सगळ्यांत वाटलं गेलं, दिवाही सीलच्या चरबीवरच चालला. ३० एप्रिल १८७३ रोजी लॅब्रॅडॉरजवळ एका जहाजानं त्यांना उचललं, तेव्हा ते सुमारे २,९०० किलोमीटर वाहत आले होते आणि १९ च्या १९ जण जिवंत होते. तान्हं मूलसुद्धा.

फुग्यातून गेलेले तिघं राष्ट्रीय वीर झाले. बर्फाच्या तुकड्यावरच्या सगळ्यांना जगवणारे दोघं मात्र बहुतेक पुस्तकांत ‘एस्किमो जो’ आणि ‘एस्किमो हान्स’ एवढेच उरले. हे खटकायला हवं. एबियरबिंग आणि तुकुलितो यांनी त्याआधी वर्षानुवर्षं चार्ल्स हॉल या अमेरिकी संशोधकाच्या मोहिमा पार पाडून दिल्या होत्या. तुकुलितो दुभाषी होती, तिच्यावाचून हॉलला कुणाशी धड बोलताही आलं नसतं. हान्सनं तर १८५३ ते १८७६ या काळात केन, हेज, हॉल आणि नेअर्स अशा चौघांच्या मोहिमांत काम केलं. स्कर्व्हीनं आजारी पडलेल्या गोऱ्या खलाशांना त्यानं आणलेल्या ताज्या मांसानं तारलं. त्यानं स्वतःच्या आठवणी ग्रीनलँडच्या भाषेत लिहिल्या आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद १८७८ मध्ये छापला गेला. मोहिमेच्या पुढाऱ्यांची पुस्तकं ढिगानं आहेत. वाटाड्याचं स्वतःच्या शब्दांतलं पुस्तक दुर्मीळच. १९०९ मध्ये रॉबर्ट पिअरीनं उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला तेव्हा त्याच्याबरोबर मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय सहकारी होता आणि ऊटा, एगिंगवा, सीग्लू, ऊक्वेआ हे चार इनुइट होते. पिअरी खरोखर ध्रुवावर पोचला होता का, यावर आजही वाद आहे. या पाच जणांवाचून तो त्याच्या आसपासही पोचला नसता, यावर नाही.

हान्सचं नाव मात्र नकाशावर राहिलं, तेही अनपेक्षित रीतीनं. त्याच सामुद्रधुनीत एक-सव्वा चौरस किलोमीटरचं एक उघडं खडकाळ बेट आहे. इनुइट त्याला तार्तुपालुक म्हणतात, नकाशे हान्स बेट म्हणतात. कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यात त्याच्या मालकीवरून अनेक दशकं वाद होता. जून २०२२ मध्ये दोघांनी ते मधोमध वाटून घेतलं. हान्सच्या नावाच्या खडकावरून आज दोन देशांची हद्द जाते.

स्वालबार्डपेक्षाही निर्मनुष्य जागा उत्तरेत आहेत. ईशान्य ग्रीनलँडचं राष्ट्रीय उद्यान ९,७२,००० चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठं आहे. हवामान केंद्रं आणि डेन्मार्कचं ‘सिरियस’ हे गस्ती पथक सोडलं तर तिथे कुणी राहत नाही. या पथकातले जवान दोघा-दोघांच्या जोडीनं कुत्र्यांच्या स्लेजवर महिनेच्या महिने गस्त घालतात. अलास्कातल्या ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ उद्यानात रस्ता नाही आणि आखलेली पायवाटही नाही. लहान विमानानं नदीकाठच्या वाळूवर किंवा तळ्यावर उतरायचं आणि ठरलेल्या दिवशी विमान घ्यायला येईल या भरवशावर चालू लागायचं. धुकं आलं तर विमान येत नाही, म्हणून पिशवीत दोन-तीन दिवसांचं जास्तीचं अन्न ठेवायचं, हा तिथला पहिला धडा.

पुन्हा स्वालबार्डकडे. जुलै २०१८ मध्ये उत्तरेकडच्या एका बेटावर नेहमीच्या रीतीप्रमाणे प्रवाशांआधी चार रखवालदार उतरले. त्यांना अस्वल दिसलं नव्हतं. अस्वलानं त्यांना पाहिलं होतं. एकाच्या डोक्याला जबर जखम झाली, सोबत्यांनी अस्वलाला गोळी घातली, आणि मेलेल्या अस्वलाचा फोटो जगभर फिरला. मुळात माणसांनी तिथे जावंच कशाला, असा संतापाचा सूर उठला. त्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही, पण तो चुकीचा मुळीच नाही.

नॉर्वेनं हळूहळू दोर आवळला आहे. जहाजांचं जड, काळं तेल २०२२ पासून स्वालबार्डच्या पाण्यात बंद झालं. १ जानेवारी २०२५ पासून तर नियम फारच कडक झाले. संरक्षित भागात २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला प्रवेश नाही, आणि तिथे उतरायचं तर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच. अस्वलापासून किमान ३०० मीटर दूर राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर, कारण तेव्हा माद्या नुकत्याच गुहेतून बाहेर आलेल्या पिलांसह फिरत असतात. चुकून जवळ आलात तर मागे सरायचं. काही खाड्यांतल्या गोठलेल्या बर्फावर स्नोमोबाइल नेण्यावरही बंधनं आली. सहल कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही वर्षानुवर्षं जबाबदारीनं वागलो आणि शिक्षा आम्हालाच. त्यात तथ्य आहे. जागा कमी झाल्या की उरलेल्या ४३ जागांवरच सगळ्यांची दाटी होणार. तरीही अंतराचा नियम योग्यच म्हणायला हवा. पाचशे मीटरवरून अस्वल मोबाइलच्या पडद्यावर ठिपक्याएवढं दिसतं. चांगल्या दुर्बिणीतून मात्र त्याची चाल दिसते, हवेत नाक उंचावणं दिसतं, मागून धावणारी पिलं दिसतात. आणि ते आपल्याकडे न बघता स्वतःच्या कामाला जातं.

या सगळ्याखाली एक मोठा बदल चालू आहे. पृथ्वी तापते आहे त्याच्या कितीतरी पट वेगानं स्वालबार्ड तापतं आहे. जुलै २०२० मध्ये लाँगइयरब्येनला पारा २१.७ अंशांवर गेला. डिसेंबर २०१५ मध्ये गावालगतच्या डोंगरावरून हिमस्खलन झालं, ११ घरं उद्ध्वस्त झाली, दोन माणसं गेली. ज्या खाड्या पूर्वी दरवर्षी गोठायच्या आणि ज्यांच्यावरून स्लेजची वाट ठरलेली असायची, त्या आता एखाद्या वर्षी गोठतात, एखाद्या वर्षी नाही. हिमनद्यांची तोंडं मागे हटताहेत. नकाशात बर्फ दाखवलेल्या जागी होडी तरंगते. दहा वर्षांपूर्वी शिकलेला वाटाडा आज त्याच वाटेवर नवखा ठरू शकतो. म्हणून तो दर हंगामात बर्फाला भोक पाडून जाडी मोजतो, जुन्या खुणा तपासतो, आणि बेत बदलल्याचं प्रवाशांना सांगण्याची तयारी आधीच ठेवतो.

असा बदल इनुइटांच्या घरातही शिरला आहे, जिथे हे ज्ञान खरोखर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. जून २०१९ मध्ये वायव्य ग्रीनलँडमधल्या कानाक गावाजवळ डॅनिश शास्त्रज्ञ स्टेफेन ओल्सेन समुद्रावरच्या बर्फात ठेवलेली उपकरणं परत आणायला निघाले होते. स्लेज हाकत होते गावातले शिकारी. अचानक वाढलेल्या उष्म्यानं बर्फाच्या पृष्ठभागावर पाणी साचलं होतं, आणि खालचा बर्फ मीटरभर जाड असल्यानं ते झिरपून जात नव्हतं. ओल्सेन यांनी एक फोटो काढला: निळं आकाश, निळं पाणी, आणि बर्फाळ डोंगरांच्या पार्श्वभूमीवर पाण्यातून धावणारी कुत्री. जणू ती समुद्रावरूनच चालली आहेत. तो फोटो काही दिवसांत जगभर पोचला. बातम्यांमध्ये फोटो काढणाऱ्याचं नाव होतं. स्लेज हाकणाऱ्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘स्थानिक शिकारी’ एवढाच होता. ते कुत्र्यांच्या पुढे-मागे पाहत, पाण्याखालच्या भेगा चुकवत, कोरडा बर्फ शोधत होते; तो सापडल्यावर कुत्र्यांना थोडा विसावा दिला, आणि सगळ्यांना घेऊन ते गावाकडे परतले.